ऐरोलीतला लाकडी ओटा: एका स्वयंपाकघराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर नवी मुंबईत, ऐरोलीतल्या सिडकोच्या काळातल्या एका जुन्या इमारतीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरातल्या दोघांना इथे दादा आणि वहिनी म्हणतो, प्रत्यक्षातही मी त्यांना तसंच म्हणतो. दादांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतरही मोजमापाचा काटेकोरपणा त्यांच्या हातातून गेलेला नाही. वहिनी आसपासच्या घरांना पोळ्या आणि सणासुदीला पुरणपोळ्या करून देतात. त्यामुळे त्यांचा ओटा म्हणजे दिवसाचे कित्येक तास वापरात असलेली कामाची जागा आहे. पुढचे बरेचसे निर्णय त्यातूनच आले.

ओटा इंग्रजी एल आकाराचा होता. खिडकीखालच्या लहान बाजूला सिंक आणि भिंतीलगतच्या आठ फुटांच्या लांब बाजूला कोपऱ्यापासून कामाची जागा, तर शेवटी शेगडी. वर काळा ग्रॅनाइट, खाली कडाप्प्याचे उभे आधार आणि त्यांच्या मध्ये साध्या प्लायच्या ट्रॉल्या. आपल्याकडच्या हजारो स्वयंपाकघरांसारखीच रचना. माझा सहभाग सल्ल्यापुरता होता, लाकूडकाम दादांनी स्वतः केलं.

अडचण

कोपऱ्यात ग्रॅनाइटचे दोन तुकडे जिथे भेटत होते, तिथून पाणी झिरपत होतं. वर्षानुवर्षं झिरपून खालचा प्लाय फुगला, पापुद्रे सुटले आणि ट्रॉल्या अडकू लागल्या. कोंदट वास येत होता, झुरळं होती. हे दिसणारं दुखणं. न दिसणारं वहिनींच्या खांद्यात होतं. ओटा पस्तीस इंच उंच आणि त्यांची उंची पाच फूट. पोळी लाटताना खांदे उचललेलेच राहत. काम करताना ओटा कोपरापेक्षा पाच-सहा इंच खाली असला की लाटायला, मळायला वजन वापरता येतं. त्यांच्यासाठी ते माप साडेबत्तीसच्या आसपास येत होतं.

ओटा तोडायचाच आहे तर लाकडाचा करू, ही कल्पना दादांची. वहिनींचा पहिला प्रश्न सरळ होता, "अहो, पावसाळ्यात आपलं न्हाणीघराचं दार लागत नाही, मग ओटा कसा टिकणार?"

या प्रकरणातला सगळा विचार या एका प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ते लांबीला जवळपास बदलत नाही, रुंदीला मात्र फुगतं आणि आकसतं. सागवान या बाबतीत शांत लाकूड आहे, पण स्थिर नाही. ओलाव्याचं प्रमाण एक टक्क्याने बदललं, तर तोंडावर, म्हणजे कापलेल्या टोकावर, वाढीची वलयं आडवी दिसणारी सागाची फळी रुंदीच्या साधारण ०.१९ टक्के बदलते. फळीच्या तोंडावर वलयं उभी दिसत असतील तर ०.१० टक्के. दादांनी ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेतलं होतं. मार्चमध्ये घरात ठेवलेल्या सागाचा आकडा १० ते ११ टक्के होता. भर पावसाळ्यात त्याच घरातल्या जुन्या सागवानी चौकटीवर आधीच्या वर्षी त्यांनी १५-१६ वाचला होता. म्हणजे फरक पाच टक्के. ६०० मिलिमीटर खोल ओट्यात हा फरक आडव्या वलयांच्या फळीला साडेपाच मिलिमीटर आणि उभ्या वलयांच्या फळीला तीन मिलिमीटर इतका होतो.

तेल, पॉलिश, पीयू (पॉलियुरेथेनचा थर), काहीही लावा. त्याने हा बदल सावकाश होतो, थांबत नाही. दार अडकतं ते चौकटीत हलायला जागा नसते म्हणून. ओट्याला ती जागा आधीच ठेवली, तर तो टिकतो.

पर्याय

पहिला पर्याय पुन्हा पूर्ण ग्रॅनाइटचा. स्वस्त, परिचित, उष्णता आणि पाणी दोन्ही सोसणारा. उंची कमी करून सांधा नीट भरला असता तर मूळ दुखणी त्यानेही गेली असती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

दुसरा, रबरवुडच्या तयार जोडफळ्या. सरळ, एकसारख्या, सहज मिळणाऱ्या. पण रबरवुडला बुरशी आणि किडीविरुद्ध स्वतःची ताकद फारशी नाही. प्रक्रिया केलेलं असलं तरी सतत ओल मिळाली तर ते काळवंडतं. भाड्याच्या घरात किंवा कोरड्या कामाच्या टेबलाला मी तेच सुचवेन. रोज ओला हात लागणाऱ्या ओट्याला नाही.

तिसरा, वखारीतून नवं सागवान. यात खरी जोखीम सुकण्याची असते. वरून कोरडी दिसणारी दोन इंची फळी आतून ओली असू शकते. पूर्ण कोरडं आहे, असं विक्रेता म्हणतो तेव्हा फळी कापून ताज्या कापावर यंत्र टेकवणं हाच उपाय.

चौथा, पाडलेल्या घरांचं जुनं सागवान. तुळया आणि वासे पन्नास-साठ वर्षं वाळलेले असतात, कच्चा पांढरट भाग बहुतेक झडून गेलेला असतो. अडचण खिळ्यांची. साग आधीच पात्याला बोथट करतो, कारण त्यात सिलिका असते. त्यात खिळा लागला की यंत्राचं पातंच जातं.

दादांनी जुनं सागवान निवडलं. माझंही मत तेच होतं.

पूर्ण लाकडी की काही भाग लाकडी

हा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो वहिनींनी घेतला. दादांना पूर्ण एल लाकडाचा हवा होता. कागदावर तो सुंदर दिसत होता. पण तीन ठिकाणी प्रश्न उभे राहिले.

सिंकभोवती लाकूड कापलं की त्याची आडवी तोंडं उघडी पडतात. लाकूड तोंडाकडून जितकं पाणी ओढतं, तितकं अंगाकडून कधीच ओढत नाही. दिवसातून तीन वेळा भांडी घासली जाणाऱ्या घरात ती तोंडं कोरडी राहणं शक्य नाही. शेगडीखाली प्रश्न उष्णतेचा आणि फोडणीच्या तेलाचा. मोठं पातेलं बर्नरच्या बाहेर येतं तेव्हा आच खाली आणि बाजूला पसरते. तिसरा प्रश्न कोपऱ्याचा. एलच्या दोन लाकडी बाजू काटकोनात जोडल्या की प्रत्येक बाजू आपापल्या रुंदीला फुगते आणि तिरपा सांधा दर पावसाळ्यात टोकाला उघडतो.

वहिनी म्हणाल्या, "मला लाकूड हवंय ते लाटायला, मळायला, चिरायला. भांडी दगडावरच घासू दे आणि शेगडीही दगडावरच राहू दे." ठरलं ते असं: सिंकची बाजू जुन्याच ग्रॅनाइटची, शेगडीखाली साडेतीन फुटांचा ग्रॅनाइटचा तुकडा आणि दोन्हींच्या मध्ये साडेचार फूट लाकूड. दादांची थोडी निराशा झाली. पण एका झटक्यात सिंक, उष्णता आणि कोपरा असे तिन्ही प्रश्न संपले. सिंकचा ग्रॅनाइट कोपऱ्यातून सरळ जाणार आणि लाकडाचं तोंड त्याच्या बाजूला टेकणार. लाकूड लांबीला हलत नाही, त्यामुळे तो सांधा उघडणार नव्हता. रुंदीला फुगलं तरी दगडाच्या कडेवरून फक्त सरकणार होतं.

आणखी एक बारीक निर्णय इथेच झाला. लाकडाची पातळी ग्रॅनाइटपेक्षा दोन मिलिमीटर वर ठेवायची. पातळी सारखी असती तर सिंककडून ओघळलेलं पाणी सरळ लाकडावर आलं असतं.

स्वतः काय करायचं आणि काय नाही

ज्याला "स्वतः केलं" म्हणतात, त्यात कोणती कामं दुसऱ्याकडे द्यायची हे ठरवणंही येतं. गॅसची पाइपलाइन हलवायचं काम महानगर गॅसच्या अधिकृत माणसाकडून. त्यात दुसरा विचारच नको. ग्रॅनाइट कापणं आणि कडाप्प्याचे आधार खाली घेणं दगडवाल्याकडे. तुळई चिरणं सॉ मिलमध्ये. चिकटवणं आणि रंधा मारणं ओळखीच्या मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये, कारण सोसायटीत दुपारची शांतता असते आणि सागाचा भुसा घसा व डोळे चुरचुरवतो. तिथेही मास्क लावूनच काम झालं. बाकी सगळं दादांनी स्वतः केलं.

काम

घनफुटांचा हिशोब आधी केला. तयार ओटा साडेचार फूट बाय दोन फूट बाय दीड इंच, म्हणजे १.१२५ घनफूट. लांबीला तीन इंच, रुंदीला तीन-चार इंच आणि जाडीला पाव इंच घट धरली की दीडच्या वर जातं. खिळ्यांची छिद्रं आणि टाकून द्यायची तोंडं मोजून त्यांनी सव्वादोन घनफूट घेतलं. नवख्या माणसाला हे जास्त वाटेल, पण जुन्या लाकडात इतकी घट निघतेच.

खिळे काढायला एक पूर्ण दिवस गेला. मोठे दिसतात, डोकं तुटलेले आत राहतात. दादांनी दोरीला चुंबक बांधून तुळईवरून सावकाश फिरवलं. त्याशिवाय लाकडावरच्या काळपट डागांवरून नजर ठेवली, कारण लोखंड जिथे ओल खातं तिथे लाकूड काळं पडतं. सॉ मिलवाल्याने खिळ्यांची खात्री मागितली होती, ती देता आली.

चिरलेल्या पट्ट्या तीन ते चार इंच रुंदीच्या घेतल्या. नंतर त्या घरातच, मध्ये काड्या घालून, मोकळ्या हवेत रचून ठेवल्या. मिलची हवा आणि घरातली हवा वेगळी असते. जिथे ओटा राहणार तिथल्या हवेशी लाकडाचं जमू द्यावं लागतं. दर आठवड्याला यंत्राने आकडा बघायचा, तो थांबला की पुढचं काम.

जोडताना निर्णय होता, एकदम पूर्ण रुंदी चिकटवायची की दोन भागांत. दोन भागांत केली. प्रत्येक भाग तीनशे मिलिमीटरचा, कारण मिस्त्रींचं जाडी काढायचं यंत्र बारा इंचापर्यंतच घेतं. पूर्ण ओटा एकदम चिकटवला असता तर वरचा चढउतार हाताच्या रंध्याने काढावा लागला असता. दुसरा फायदा वेळेचा. एप्रिलच्या उष्म्यात पांढरा मरीन ग्लू पटकन ओढून घेतो. सगळ्या पट्ट्यांना ग्लू लावून, रेषा जुळवून, क्लॅम्प आवळेपर्यंत पहिल्या सांध्याचा ग्लू सुकायला लागतो.

सागाबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सागात स्वतःचं तेल असतं आणि ते ग्लू धरू देत नाही. सांध्याची कड रंधून लगेच अ‍ॅसिटोनने पुसायची आणि सुकताच चिकटवायची. आज रंधून उद्या चिकटवलं, तर तेल पुन्हा वर येतं. जुन्या लाकडात जुळलेले सांधे वर्षभरात सुटतात, तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असतं.

नंतर दोन्ही भाग मधल्या एका सांध्यात जोडले, छत्तीस मिलिमीटर जाडी राहिली. ८०, १२०, १८० आणि शेवटी २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. कडा गोल केल्या.

तेल कुठलं

वहिनींनी शेंगदाणा तेल चालेल का विचारलं. खायचं म्हणून सुरक्षित वाटतं, पण ते सुकत नाही, लाकडात चिकट राहतं आणि खवट होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन खवट होत नाही, पण तेही सुकत नाही, वारंवार लावावं लागतं. पोळपाटाला ते उत्तम. जवसाचं तेल सुकतं, पण इथल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. दुकानातल्या "डबल बॉइल्ड" जवसाच्या तेलात सुकवण्यासाठी धातूंची क्षारं घातलेली असतात, ते अन्नाच्या जागी नको. पीयू पाण्याला सर्वांत चांगलं, पण सुरीचा एक ओरखडा पडला की तिथून पाणी खाली शिरतं आणि मग पूर्ण थर काढावा लागतो.

निवड शुद्ध टंग ऑइलची, म्हणजे टंग झाडाच्या बियांच्या तेलाची झाली. पाण्याला जवसापेक्षा चांगलं आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं. अट एकच, ते पुरतं सुकायला आठवडे लागतात. मुंबई परिसरात मोसमी पाऊस दाखल व्हायची सरासरी तारीख ११ जून. म्हणून शेवटचा हात मेच्या सुरुवातीला पडायलाच हवा, असं मागे मोजत वेळापत्रक आखलं.

तेल सहाही बाजूंना लावलं. वरची बाजू चकचकीत करून खालची कोरी सोडली, तर खालून ओल जास्त शिरते आणि ओटा वाटीसारखा वाकतो. तोंडांना तेलाआधी पातळ इपॉक्सीचे दोन हात दिले.

तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकू नका. सुकताना टंग आणि जवसाचं तेल उष्णता सोडतं आणि गोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात बुडवून मगच टाकायची, किंवा दोरीवर सुटी पसरून कडक होऊ द्यायची.

बसवणं

खाली आयएस ७१० या भारतीय मानकाच्या १९ मिलिमीटर मरीन प्लायची कपाटं केली. ओटा त्यांना चिकटवला नाही. मिस्त्रींचं म्हणणं होतं, "वरून दोन-चार स्क्रू मारून पक्का करून टाका, हलायलाच नको." दादा इथे ठाम राहिले आणि ते बरोबर होतं. फुगणाऱ्या लाकडाला हलू दिलं नाही तर ते फाटतं किंवा स्क्रू वाकवतं.

पुढच्या बाजूला एल आकाराच्या पट्ट्या साध्या गोल छिद्रांनी घट्ट केल्या. मागच्या पट्ट्यांना पुढे-मागे लांबट छिद्रं होती, स्क्रू त्यांच्या मधोमध. पुढची कड जागेवर राहणार, सगळी हालचाल मागे भिंतीकडे. तिथे आठ मिलिमीटर फट सोडली आणि ती झाकायला लाकडी पट्टी लावली, भिंतीला, ओट्याला नाही. ग्रॅनाइटकडच्या दोन्ही सांध्यांत चार मिलिमीटर सिलिकॉन. मेमध्ये लाकूड अजून फुगलेलं नसतं, म्हणून मागची फट मोठी ठेवली. ऑगस्टमध्ये बसवला असता तर लाकूड आधीच फुगलेलं असतं आणि दोन मिलिमीटर पुरली असती.

पहिला पावसाळा

जुलैच्या मध्यावर दादांचा फोटो आला. ओटा शेगडीकडच्या मागच्या कोपऱ्यात उचलला होता, सरळ पट्टी ठेवली की खाली दोन मिलिमीटर उजेड दिसत होता. बाकी ओटा सपाट. इतकं एकाच जागी म्हटल्यावर कारण लाकडात नसून पकडीत असणार. ट्रॉली काढून बघितलं तेव्हा त्या कोपऱ्यातल्या पट्टीचं लांबट छिद्र आडवं बसलेलं होतं. दादांच्या भाच्याने बसवताना ती फिरवून लावली होती. लाकडाला मागे सरकायचं होतं, स्क्रू अडवत होता, म्हणून ते वर उचललं. पट्टी फिरवली, दोन आठवड्यांत कोपरा खाली आला. फाटलं नाही हे सागाचं आणि उशीर न झाल्याचं श्रेय.

मागची आठ मिलिमीटरची फट ऑगस्टमध्ये चारवर आली. हिशोब साडेपाचचा होता, प्रत्यक्षात चार, कारण पट्ट्यांत उभ्या वलयांच्याही होत्या. फेब्रुवारीत फट पुन्हा आठला गेली.

आज

दोन पावसाळे गेले. सांधे जागेवर आहेत. हळदीचे डाग पडतात, पण खिडकीतून येणाऱ्या उन्हाने आठवडाभरात फिके होतात, हळदीचा रंग प्रकाशाला टिकत नाही. ओला लोखंडी तवा रात्रभर ठेवल्यामुळे एक काळं वर्तुळ उमटलं होतं. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने काढलं. हे विषारी असतं, म्हणून हातमोजे घालून काम करावं लागलं आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन काढलं, मग त्या जागी पुन्हा तेल. आता तवा दगडावरच ठेवतात. दर मेमध्ये हलकं २४० मारून एक हात टंग ऑइलचा. खांद्याबद्दल वहिनी म्हणतात, पुरणपोळ्यांच्या दिवसांतही आता संध्याकाळी हात वर जातो.

वेगळं काय करता आलं असतं

सिंककडचं लाकडाचं तोंड थोडं काळसर झालं आहे. इपॉक्सी आहे, सिलिकॉन आहे, पण तिथे हात पुसले जातात, ओली भाजी ठेवली जाते. लाकूड तिथून एक फूट पुढे सुरू केलं असतं तर हे झालं नसतं. पोळ्या लाटायला साडेतीन फूटही पुरले असते, वहिनींनी स्वतःच मोजून सांगितलं.

पट्ट्या निवडताना रंग आणि रेषांची जुळवणी बघितली गेली, वलयांची दिशा नंतर. सव्वादोन घनफुटांत पुरेशा उभ्या वलयांच्या पट्ट्या होत्या, काही टाकलेल्यांत गेल्या. त्या पुढे आल्या असत्या तर हालचाल तीन मिलिमीटरच्या जवळ राहिली असती.

पुढच्या कडेखाली पाणी तुटायला बारीक खोबण नाही. ओट्यावरून ओघळलेलं पाणी कडेवरून खाली वळून कपाटाच्या वरच्या कडेपर्यंत जातं. ही खोबण रंधा मारतानाच काढता येते, बसवल्यावर नाही.

आणि मागच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचायला आज तीन ट्रॉल्या पूर्ण काढाव्या लागतात. जुलैत तपासणी त्यामुळेच एक दिवस लांबली. कपाटाच्या मागच्या पट्टीत हात जाईल एवढं भोक ठेवलं, तर दर पावसाळ्यात स्क्रू छिद्रात मधे आहे की टोकाला गेला आहे, हे टॉर्चने बघता येतं. दादा आता ते भोक पाडणार आहेत.